इचलकरंजीच्या समुद्रात

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सौ. इंदुमती नेजकर बाल्कनीचा कठडा ओलांडून समुद्रात उतरल्या.

मी तेव्हा बाल्कनीत स्टुलावर बसून, चहा कितपत गरम आला ते लिहून घेत होतो. त्यांनी माझ्याकडे स्टूल मागितलं. मी उठून दिलं. त्यावर चढून त्यांनी एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा. खाली उतरल्यावर चपला काढून हातात घेतल्या, पिशवी खांद्यावर नीट केली, निऱ्या घोट्याच्या वर उचलल्या आणि चालायला लागल्या.

त्यांचे यजमान रावसाहेब नेजकर शेजारच्या खुर्चीत होते. ते कपबशी ठेवून उठले, उजवा हात सरळ पत्नीच्या दिशेने ताणला आणि मीटरचं रीडिंग वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "माणूस पाण्यात."

समुद्र म्हणजे मगदूमांच्या बंद यंत्रमाग शेडची शहाबादी फरशी. चार दिवसांपूर्वी पुसून घेतलेली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी त्या वेळी इचलकरंजीत 'बंदर ते बंदर' या मासिकाचा उपसंपादक होतो. त्याआधी सांगलीच्या एका दैनिकात होतो. तिथे काय घडलं, कुठे घडलं आणि कोणासमोर घडलं एवढं लिहून घरी जायचं असे. ती सवय इथे उपयोगी पडली.

'बंदर ते बंदर' हे समुद्रसहलींचं ग्राहक-मासिक होतं. कोणत्या जहाजाच्या खोलीत दोन सुटकेस ठेवल्यावर माणसाला उभं राहता येतं, कुठल्या न्हाणीघराचं दार उघडताना कमोडला अडतं, 'समुद्राचं दृश्य' म्हणून विकलेल्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे का, अशी माहिती त्यात असे. वाचक सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर या भागातले. त्यातले बहुतेक कधी जहाजावर गेले नव्हते आणि जाण्याची घाईही कोणाला नव्हती. वर्गणी मात्र कोणाची चुकत नसे.

मालक आणि संपादक श्रीपाल मगदूम. घरचे माग तोट्यात गेल्यावर त्यांनी एक सोडून सगळे विकले आणि मोकळ्या शेडमध्ये मासिक काढलं. जहाज कंपन्यांकडून फुकट प्रवास घ्यायचा नाही, जाहिरात घ्यायची नाही, दिवाळीला कॅलेंडरसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तिकिटं काढण्याची मासिकाची ऐपत नव्हती. त्यामुळे 'बंदर ते बंदर'मधल्या एकाही माणसाने जहाजावर पाय ठेवलेला नव्हता. मगदूमांना यात उणीव वाटत नसे. जहाजावर जाऊन आलेला माणूस खूश होऊन येतो, आणि खूश माणसाचा अभिप्राय ग्राहकाच्या काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून ते जहाज शेडमध्ये आणत. कंपनीने छापलेली मापं घ्यायची, सुताराकडून प्लायवूडची तंतोतंत तशी खोली करून घ्यायची, पलंग, कपाट, न्हाणीघर, बाल्कनी सगळं त्याच मापाचं. ही खोली ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांवर बसवलेली असे. उरलेला एक माग शेजारी चालू ठेवायचा. त्याच्या क्रँकला जोडलेला दांडा खोलीला हळूहळू डोलवायचा आणि मागाच्या थरथरीने इंजिनाची थरथर मिळायची. वीज गेली की 'समुद्र शांत' अशी नोंद होई. मग सफर जितक्या दिवसांची तितके दिवस एखाद्या वर्गणीदार जोडप्याने त्या खोलीत राहायचं. जेवण जहाजाच्या छापील यादीप्रमाणे, आणि निकाल पुढच्या अंकात.

फरशीला निळा रंग द्यावा अशी सूचना मी एकदा केली होती. मगदूम म्हणाले, "रंग दिला की ती जाहिरात झाली, ताम्हनकर. आपण ग्राहकाला फसवत नाही." त्यामुळे समुद्र फक्त नियमाने होता. कठड्याच्या बाहेर समोरच्या भिंतीपर्यंत आणि शटरपर्यंत पाणी. चाचणी चालू असताना तिथे कोणी पाय ठेवायचा नाही. मागच्या बाजूला लाकडी जिना होता, तो धक्का. स्वच्छतागृहात जायचं तर आम्ही जिन्याने उतरून तेलाच्या घाण्याच्या बोळातून वळसा घालून जात असू. पावसाळ्यातसुद्धा.

रावसाहेब नेजकर जयसिंगपूरचे, सूतगिरणीच्या वीज विभागातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. अंक हातात पेन्सिल घेऊन वाचत. पाण्याची त्यांना भीती होती. कृष्णेच्या पुलावर एसटी आली की ते डोळे मिटतात, हे इंदुमतीबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं आणि त्यांनी ते नाकारलं नाही. स्वतः बाई नदीकाठच्या गावात वाढलेल्या, कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या.

जहाजावरून कोणी पाण्यात पडलं तर काय करतात यावर आम्ही एकदा लेख छापला होता. नेजकरांनी पत्र पाठवलं. इंजिन बंद करायचं, रिंग टाकायची, हे तुम्ही लिहिलंत, पण मुख्य गोष्ट राहिली: ज्याने माणसाला पडताना पाहिलं त्याने हात त्याच्या दिशेने धरून ठेवायचा आणि नजर काढायची नाही, माणूस वर उचलून घेतलेला दिसेपर्यंत. कारण पाण्यात डोकं नारळाएवढं दिसतं आणि एका लाटेत हरवतं. आम्ही आभारासह दुरुस्ती छापली. त्यांच्या आग्रहावरून चाचणीच्या नियमांतही ती घातली. माणूस परत येईपर्यंत माग बंद, हेही त्यातच आलं.

त्यांचा मुलगा सन्मती मस्कतला असे. त्याने आईवडिलांना मुंबईहून लक्षद्वीप, कोची, गोवा करून परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं काढून दिली होती. नेजकरांनी त्याला कळवलं की आधी 'बंदर ते बंदर'ची चाचणी, मग प्रवास. त्याच जहाजाची, त्याच खोलीची. जमलं तर जाऊ, नाही तर तिकिटं परत. चाचणी संपली की लगेच दुसऱ्या दिवशी जहाज सुटणार होतं, आणि तिकीट रद्द करायची मुदत चाचणीच्या मधेच संपत होती.

इंदुमतीबाई शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांनी प्लायवूडवर बोटाने टकटक करून पाहिलं, पलंगावर बसून पाहिलं, बाल्कनीत उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, पाणी कुठाय. मी फरशी दाखवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "चाचणी झाली की जायचं ना?"

"निकालावर," नेजकर म्हणाले.

पहिल्या दिवशी नेजकरांना मळमळलं. मगदूमांनी समाधानाने नोंद केली. दुसऱ्या दिवशी ते पलंगावरून उठून बाल्कनीत आले. नंतर ते तिथून हललेच नाहीत. समोर भिंत होती, भिंतीवर विकलेल्या मागांचे स्टार्टर तसेच ओळीने राहिले होते. तिकडे बघत ते तासन् तास बसत. संध्याकाळी झरोक्यातून येणारं ऊन गेलं की सूर्यास्त झाला असं धरून त्याआधी जेवून घेत, कारण घरचा जैन नेम. जहाजावर कांदाबटाट्याशिवाय जेवण मिळेल का ही त्यांची मोठी शंका होती, ती मगदूमांच्या मंडळींनी मिटवली. वाऱ्यासाठी पेडेस्टल पंखा लावला होता. नेजकरांनी टोपी मागवून घेतली.

इंदुमतीबाई बहुतेक वेळ कपड्यांच्या घड्या घालत. त्या एकदा घातलेल्या मोडून पुन्हा घालत. नेजकर आंघोळीला गेले की त्या मला विचारत, मुंबईच्या धक्क्यावर रिक्षा जाते का, जहाजाला शिडी असते की पूल. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगत असे. ते सगळं छापील होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेजकरांनी मगदूमांना बाल्कनीत बोलावून घेतलं.

"मगदूमसाहेब, मला वाटतं आता प्रत्यक्ष जायची गरज राहिलेली नाही. जे बघायचं ते बघून झालं."

मगदूम गहिवरले. एवढा विश्वास कोणत्याही वाचकाने टाकला नव्हता.

"काय बघितलं?" आतून इंदुमतीबाईंनी विचारलं.

"समुद्र."

त्या बाहेर आल्या. स्टार्टरच्या ओळीकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिकिटं रद्द करायचा तो शेवटचा दिवस होता. नेजकरांना फोनसाठी जहाज सोडता येत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं. मी जिन्याने उतरत होतो तेव्हा न्हाणीघराच्या झरोक्यातून इंदुमतीबाईंनी हाक मारली.

"ताम्हनकर, तिकिटं दोन नावांची आहेत ना?"

"हो."

"मग त्यांचं त्यांच्या सांगण्यावरून करा रद्द. माझं मी सांगेन तेव्हा."

ग्राहक म्हणून हे बरोबर होतं. तिकीट ज्याच्या नावाचं, रद्द करणं त्याच्या हातात. मी एक रद्द केलं. किती रद्द केली असं मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल मागितलं.

"माणूस पाण्यात" ऐकून मगदूम ऑफिसातून आले. घाईत ते थेट फरशीवरून येणार होते, पण ऐन कडेला थांबले, बोळातून वळसा घालून जिन्याने वर आले. तोपर्यंत बाई समुद्राच्या मध्यावर पोचल्या होत्या.

"वहिनी, तिकडं समुद्र आहे," मगदूम म्हणाले.

"म्हणूनच चपला काढल्यात."

मगदूमांनी खाली वाकून माग बंद केला. रोज कानावर असलेला खडखडाट थांबल्यावर शेड एकदम मोठी वाटायला लागली. रिंग म्हणून ट्रॅक्टरची ट्यूब टांगलेली होती. मगदूमांनी ती टाकली. ती घरंगळत जाऊन बाईंच्या पायाशी आडवी झाली. एसटीत कोणाची पिशवी मधे आली तर आपण बाजूने जातो, तशा त्या बाजूने गेल्या.

"इंदू, कुठं निघालीस?" नेजकरांनी विचारलं. हात तसाच.

"जहाजाला."

"आणि हे काय मग?"

"ही मगदूमांची शेड आहे. चांगली आहे."

मगदूम कठड्याला टेकले. इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं.

"तिकिटं रद्द झालीत, इंदू."

"तुमचं झालंय."

नेजकर माझ्याकडे वळले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांना नजर काढता येत नव्हती.

"एकटी कशी जाशील तू?"

बाई शटरपाशी पोचल्या होत्या. तिथे त्यांनी चपला खाली टाकल्या, पदराने पाय पुसले, चपला घातल्या.

"तुम्ही बघताय की," त्या म्हणाल्या. "बघत राहा."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि बाई तीत बसून गेल्या. नेजकर शटरकडे हात करून उभे होते.

मला वाटलं होतं चाचणी संपली. मगदूमांनी ते मान्य केलं नाही. एक प्रवासी पाण्यात असताना जहाज बंदराला लावता येत नाही. माग बंद राहिला, खोली डोलायची थांबली, नेजकर बाल्कनीत राहिले. सन्मतीचा मस्कतहून फोन आला. आई जहाज सोडून जहाजावर गेली आहे, वडील जहाजावर सुखरूप आहेत, असं मगदूमांनी सांगितलं. त्याने मला फोन द्यायला सांगितलं. मी तेच जरा क्रमाने सांगितलं. मग त्याने वडिलांना मागितलं. वडिलांनी निरोप दिला की आत्ता बोलता येणार नाही.

हात दुखायला लागल्यावर मगदूमांनी मागाचा जुना पट्टा छताच्या हुकाला बांधून त्याचा फास करून दिला. नेजकर कोपर त्यात ठेवत. जेवत डाव्या हाताने, झोपत खुर्चीतच, हात पट्ट्यात. घाण्यावरच्या बायका बोळातून येऊन जिन्यावर उभ्या राहून बघून जात. एकीने विचारलं, हे काय दाखवायलेत. दुसरीने सांगितलं, बायको.

दुसऱ्या दिवशी जहाज सुटलं त्या वेळेपासून नेजकरांनी जहाजाबरोबर हात सरकवायला सुरुवात केली. कंपनीचं छापील वेळापत्रक आमच्याकडे होतंच. कोणत्या वेळी जहाज कुठे असेल ते मी वाचून दाखवायचं, नकाशावर दिशा काढायची आणि ते खुर्ची तेवढी सरकवायचे. मुंबई शटरच्या वरच्या कोपऱ्यात आली. तिथून हात स्टार्टरच्या ओळीवरून हळूहळू डावीकडे उतरत गेला. मगदूम गंभीरपणे नकाशा धरून उभे राहत. हे त्यांच्या मासिकातलं पहिलं चालतं जहाज होतं.

मी एकदा शंका काढली. बाई आता पाण्यात नाहीत, जहाजावर आहेत. नियम संपला की नाही?

"उचलून घेतलेलं मी बघितलेलं नाही," नेजकर म्हणाले.

थोड्या वेळाने, हात न हलवता, ते म्हणाले, "लग्न झाल्यापासून पेपर वाचता वाचताच बोलत आलोय तिच्याशी. असं सलग बघितलेलं नाही कधी."

मी ते लिहून घेतलं नाही. चाचणीच्या रकान्यांत ते कुठे बसत नव्हतं.

कोचीच्या बंदरातून बाईंचा फोन आला, ऑफिसच्या नंबरवर. मीच घेतला. जेवण बरं आहे, न्हाणीघराचं दार अडत नाही, बाल्कनीतून उडणारे मासे दिसले, हे त्यांनी भराभर सांगितलं. मागे बोटीचा भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर त्या म्हणाल्या,

"हात खाली केला का त्यांनी?"

"नाही."

"कुठं दाखवतायत आत्ता?"

मी ऑफिसच्या दारातून पाहिलं. "झरोक्यातून घाण्याचं धुराडं दिसतं, त्याच्या जरा उजवीकडे. दक्षिण."

त्यांनी तिकडे कोणाला तरी काहीतरी विचारलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मग राहू द्या."

सफर संपल्यावर त्या मुंबईहून थेट शेडवर आल्या. दुपार होती. अंकाची शेवटची पानं घेऊन मी छापखान्यात निघायच्या बेतात होतो. चाचणीच्या निकालाचा रकाना तेवढा मोकळा ठेवला होता. नेजकरांचा हात सकाळपासून शटरकडेच होता. गाडी कधी येते ते त्यांनी विचारून ठेवलं होतं.

बाईंचा चेहरा उन्हाने रापला होता. त्यांनी चपला शटरपाशी काढल्या, निऱ्या उचलल्या आणि आत आल्या. मगदूम ट्यूब घेऊन तयार होते. बाईंनी हातानेच नको म्हणून सांगितलं. फरशीच्या मध्यावर येऊन त्या थांबल्या.

"वर ये," नेजकर म्हणाले. "मगदूमसाहेब रिंग टाकतात."

"तुम्ही उतरा."

"मी?"

"पुढच्या महिन्यात जहाज आहे. सन्मतीशी बोलून दोघांची नावं घातलीत. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय त्यांना." त्या तशाच उभ्या होत्या. "एकटीनं बघितलं एकदा. पुरे झालं. सारखं शेजारी बघत होते, तुम्ही नाही म्हणून."

नेजकरांनी फरशीकडे पाहिलं. ते इतकं खाली बघताना मी प्रथमच पाहत होतो.

"खोल किती आहे?"

बाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. "घोट्यापर्यंत."

"तू पोहणारी आहेस, इंदू."

"मी आहे ना मग."

मगदूम मला हळूच म्हणाले की अशा वेळी जहाजाने मधे पडू नये. छापखान्यातून दुसऱ्यांदा फोन आला. नेजकरांनी कोपर पट्ट्यातून काढला. इतक्या दिवसांनी तो हात खाली येताना त्यांनी डाव्या हाताने धरून आणला. मग दोन्ही हात कठड्यावर ठेवले. मी स्टूल त्यांच्याजवळ सरकवलं. ते चढले आणि त्यांनी एक पाय कठड्यावरून पलीकडे टाकला.

तिथे ते थांबले. एक पाय जहाजावर, एक समुद्रावर, डोळे मिटलेले. बाई खाली उभ्या, हात वर केलेले, पण त्यांच्या पायाला लागेल इतक्या जवळ नाही.

छापखान्यातला माणूस त्यापुढे थांबणार नव्हता. मी जिन्याने उतरून बोळातून बाहेर पडलो. निकालाच्या रकान्यात मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं ते असं: खोली समाधानकारक. चहा कोमट. कठडा बुटका. अंक छपाईला जाताना श्री. नेजकर यांचा उजवा पाय कठड्यापलीकडे होता.

नागपूरच्या एका दैनिकातून मला बोलावणं आलेलंच होतं, अंक छपाईला गेला की लगेच रुजू व्हायचं होतं. पानं छापखान्यात देऊन मी तिथूनच कोल्हापूर गाठलं आणि गाडी पकडली. सामान मागाहून मागवून घेतलं. मगदूमांना मी पुढे दोनदा फोन करून विचारलं. पहिल्या वेळी ते म्हणाले, चाचणीचा निकाल अंकात आलेला आहे, त्यापलीकडे मासिक काही सांगत नसतं. नेजकरांचा जयसिंगपूरचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

दुसऱ्या वेळीही मगदूमांनी तेच उत्तर दिलं. पण त्यांच्या बोलण्यामागे माग चालू असल्याचा खडखडाट ऐकू येत होता. माग चालू होता, म्हणजे पाण्यात कोणी नव्हतं. ती दोघं खोलीत होती की दोघंही जहाजाला गेली होती, ते आवाजावरून कळत नव्हतं.